एक्सेलमध्ये कॉलम का सरकतात?

मार्चअखेरचे दिवस होते. एका पतसंस्थेच्या शाखेतून मुदत ठेवींची यादी एक्सेलमध्ये मागवली होती. यादी आली, रकमेच्या कॉलमखाली बेरीज लावली, आणि आकडा ताळेबंदाशी जुळेना. फरक 4,10,000 रुपयांचा. ठेवीदार सहाशेच्या वर. शाखेतल्या मॅडमना वाटलं, आपल्याकडूनच काही पावत्या नोंदवायच्या राहिल्या. त्यांनी आणि शिपाईकाकांनी रात्री साडेनऊपर्यंत पावत्यांची चळत एकेक करून पडताळली. सगळ्या नोंदी जागेवर होत्या. पैसा कुठेही गेला नव्हता. सहाशेपैकी चार ओळींत रक्कम एक घर उजवीकडे सरकली होती आणि व्याजदराच्या कॉलममध्ये जाऊन बसली होती.

त्या चौघांच्या पत्त्यात स्वल्पविराम होता. बाकी कुणाच्याच नव्हता.

तेव्हापासून कुणी ‘एक्सेलमध्ये कॉलम हलले’ म्हणालं, की मी आधी त्या माणसाला सांगतो, तुमची नोंद बहुतेक बरोबरच आहे. चूक माहिती एका घरातून दुसऱ्या घरात नेताना झालेली असते. ती कशी होते हे कळायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ऑफिसात रोज ‘डेटा काढून द्या’ असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांना तर हे माहीत असायलाच हवं.

आधी कॉलम म्हणजे काय ते पाहू, कारण घोळ तिथेच आहे. डेटाबेसमध्ये कॉलमला नाव असतं आणि प्रकार असतो: हा मजकूर, हा आकडा, ही तारीख. पत्त्यात पाच स्वल्पविराम असोत की तीन ओळी, शेजारच्या कॉलमला त्याची झळ लागत नाही. छापील रिपोर्टमध्ये कॉलम म्हणजे कागदावरची जागा: डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर नाव, इतक्या अंतरावर रक्कम. सीएसव्ही फाइलमध्ये कॉलम म्हणजे दोन खुणांच्या मधला मजकूर. आणि एक्सेलमध्ये कॉलम म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या जाळीतली एक उभी पट्टी. डेटाबेसमधून एक्सेलपर्यंत येताना ‘हा कॉलम इथे संपला’ हे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पुढच्याला सांगावं लागतं. हा निरोप जिथे अर्धवट पोचतो, तिथे कॉलम सरकतो.

सीएसव्हीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अपघात तिथेच होतात. ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक नोंद एका ओळीत, आणि दोन कॉलमांच्या मध्ये स्वल्पविराम. आमच्या त्या यादीचं शीर्षक असं होतं:

खाते क्रमांक,नाव,पत्ता,रक्कम,व्याजदर

आणि चारपैकी एक ओळ साधारण अशी:

1042,पाटील सुनीता,घर नं. 12, पेठ वडगाव,125000,7.5

शीर्षकात पाच तुकडे आहेत. खालच्या ओळीत मोजा, सहा भरतील. घर नंबर आणि गाव यांच्या मधला स्वल्पविराम माणसाला पत्त्याचा भाग वाटतो, एक्सेलला तो कॉलमची सीमा वाटतो. म्हणून ‘पेठ वडगाव’ रकमेखाली गेलं, 125000 व्याजदराखाली, आणि 7.5 हा दर शीर्षकाच्या पलीकडे, ज्या कॉलमला नावच नाही अशा ठिकाणी. यात सगळ्यात धोकादायक गोष्ट अशी, की एक्सेलची बेरीज मजकूर असलेली घरं मुकाट्याने सोडून देते. रकमेच्या कॉलममध्ये ‘पेठ वडगाव’ सापडलं म्हणून ती तक्रार करत नाही. बेरीज कमी येते, एवढंच.

भारतात याला आणखी एक पदर आहे. आपण रक्कम 12,50,000 अशी लिहितो. रिपोर्ट बनवणाऱ्याने ती छान दिसावी म्हणून स्वल्पविरामांसकट मजकुरात बदलली आणि तशीच सीएसव्हीत पाठवली, तर एका रकमेचे तीन तुकडे होतात: 12, 50 आणि 000. शिवाय पाच हजाराचे दोन तुकडे, साडेबारा लाखांचे तीन, आणि पाचशे अखंड. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगवेगळ्या अंतराने सरकते आणि फाइल पाहणाऱ्याला काहीच सुसंगती लागत नाही. सीएसव्हीत आकडा कायम कोरा पाठवावा, 1250000 असा. स्वल्पविराम लावणं हे दाखवण्याचं काम आहे, ते एक्सेलमध्ये पोचल्यावर करता येतं.

मजकुरातल्या स्वल्पविरामाची सोय मात्र फार आधीपासून आहे. ज्या मजकुरात स्वल्पविराम, ओळ तोडणं किंवा दुहेरी अवतरणचिन्ह असेल, तो पूर्ण मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा, म्हणजे त्याला कुंपण घालायचं. हा संकेत अनेक वर्षं तोंडी चालत होता. 2005 मध्ये आरएफसी 4180 या दस्तऐवजात तो नीट लिहिला गेला. वरची ओळ त्याप्रमाणे अशी होईल:

1042,"पाटील सुनीता","घर नं. 12, पेठ वडगाव",125000,7.5

आता पुन्हा पाचच तुकडे. फक्त एक जपायचं. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडून मग अवतरणचिन्ह उघडलं, तर एक्सेल त्याला कुंपण मानत नाही, मजकुरातलंच एक चिन्ह मानतं, आणि पत्ता पुन्हा तुटतो. हाताने जोडलेल्या फायलींत ही चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे, आणि डोळ्याला ती जवळजवळ दिसतच नाही.

मग मजकुरातच दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर? हार्डवेअरच्या दुकानाचा स्टॉक डोळ्यांपुढे आणा. ‘पीव्हीसी पाइप 1"’ म्हणजे एक इंची पाइप. कुंपणाच्या आत अशी इंचाची खूण आली, तर ती दोनदा लिहावी लागते, म्हणजे एक्सेलला कळतं की इथे कुंपण संपलेलं नाही. ती दोनदा न लिहिता गेली, तर ती आणि तिच्यामागची कुंपण बंद करणारी खूण मिळून एक्सेलला दोनदा लिहिलेलं चिन्ह वाटतं, आणि कुंपण उघडंच राहतं. मग त्या पुढचे स्वल्पविराम आणि ओळी सगळं मिळून पुढचं चिन्ह सापडेपर्यंत एकाच घरात कोंबलं जातं. हजार ओळींची यादी साडेसातशेच ओळींची दिसते आणि अडीचशे वस्तू एका सेलमध्ये गडप झालेल्या असतात. ओळी कमी भरल्या, की पहिला संशय या चिन्हाचा घ्यावा.

पत्ता टाइप करताना कुणी मध्येच एंटर मारलेला असतो, तेही असंच. कुंपण नसेल तर उरलेला पत्ता पुढच्या ओळीच्या पहिल्या कॉलममध्ये जातो, खाते क्रमांकाच्या खाली. डेटाबेसमधून काढतानाच ओळतोडीच्या जागी एक मोकळी जागा घातली, की हा प्रश्न मिटतो. पत्त्याचं त्याने काही बिघडत नाही.

आपल्याकडच्या जुन्या मराठी डेटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फाँटांत अक्षर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह. कृतिदेव फाँटात ‘ए’ हे अक्षर म्हणजे आतून स्वल्पविराम आणि ‘य’ म्हणजे अर्धविराम. त्यामुळे एकनाथ नावाच्या सभासदाची नोंद सीएसव्हीत गेली, की त्यांच्या नावाची सुरुवातच सीमारेषेने होते. नावाचं घर रिकामं राहतं आणि उरलेलं नाव पत्त्याखाली जातं. कुणी हुशारी करून स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम सीमा म्हणून वापरला, तर मग विजय आणि संजय तुटतात. एकनाथ, एकादशी, एरंडोल अशी ठरावीकच नावं का बिघडतात याचा शोध घेत माणसं दिवस घालवतात. इथे नुसतं कुंपण घातल्याने भागत नाही, कारण दुहेरी अवतरणचिन्हही त्या फाँटात एका अक्षराचं काम करत असतं. डेटा आधी युनिकोडमध्ये बदलून घेणं, हाच मार्ग.

युनिकोड मराठी असलेली सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडली की कधीकधी नावांच्या जागी विचित्र चिन्हांची माळ दिसते. घाबरू नये. फाइल यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं, इतकंच. फायलीच्या सुरुवातीला तीन बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं एकक) एक ओळखखूण घालता येते, बहुतेक साधनांत ‘बॉम’सह यूटीएफ-8 असा पर्याय असतो. किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घेताना 65001 हा क्रमांक असलेलं यूटीएफ-8 निवडायचं. या गोंधळाने अक्षरं बिघडतात, पण कॉलम सरकत नाहीत. यूटीएफ-8 मधल्या मराठी अक्षराच्या बाइटमध्ये स्वल्पविरामाचा बाइट कधीच येत नाही.

पुण्यात बसून जर्मन कंपनीसाठी काम करणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो. इथे नीट उघडणारी फाइल तिकडे उघडली, की सगळी माहिती पहिल्याच कॉलममध्ये एका लांब ओळीत दिसते. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथल्या विंडोजमध्ये यादीची सीमा अर्धविराम असते, आणि एक्सेल विंडोजचं ऐकतं. अशा वेळी सीएसव्ही दोनदा क्लिक करून न उघडता ‘डेटा’ टॅबमधून घेऊन सीमा स्वतः सांगावी.

रिकाम्या घरांची गंमत तर डेटाबेसच्या आतच सुरू होते. मधलं नाव, फोन नंबर, ईमेल, यातलं एखादं भरलेलं नसतं. ते रिकामं असलं तरी त्याच्या जागी दोन स्वल्पविराम लागोपाठ यायला हवेत. पण काही जण कॉलम जोडायला ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ हे फंक्शन वापरतात. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसमध्ये ते आहे, आणि तिन्हींत ते नल म्हणजे न भरलेली किंमत वगळून टाकतं, सीमेसकट. मग ज्यांचं मधलं नाव नाही, त्यांच्या ओळी एक घर डावीकडे सरकतात. उजवीकडे सरकलेली ओळ दिसली तर जास्तीच्या स्वल्पविरामाचा संशय घ्यावा, डावीकडे सरकली तर नलचा. दोन याद्या डेटाबेसच्या ‘युनियन’ या आज्ञेने एकाखाली एक जोडतानाही लक्ष हवं. डेटाबेस तिथे कॉलमांची नावं पाहत नाही, फक्त क्रम पाहतो. वरच्या यादीत मुद्दल मग व्याज आणि खालच्या यादीत व्याज मग मुद्दल असेल, तर दोन्ही आकडेच असल्यामुळे एकही चूक न दाखवता ते एकमेकांच्या जागी बसतात.

आता छापील रिपोर्ट. सहकारी संस्था, साखर कारखाने, जुन्या बँका, सगळीकडे एकेकाळी डीएमपीची, म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर चालायची, 80 किंवा 132 अक्षरांच्या रुंद कागदावर. तिथे सीमेची खूण नसायची, मोजलेली जागा असायची: पहिली दहा अक्षरं खाते क्रमांक, पुढची तीस नाव, पुढची पंधरा रक्कम. अशी फाइल आजही एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मधून आणता येते. तिथे ‘फिक्स्ड विड्थ’ निवडून पट्टीवर रेषा ओढायच्या. इंग्रजी आणि आकड्यांसाठी हे उत्तम चालतं.

मराठी आली की मोजमाप कोलमडतं. ‘क्षितिज’ हे नाव घ्या. वाचताना अक्षरं तीन: क्षि, ति, ज. युनिकोडच्या हिशेबाने सात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. आणि यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. नावासाठी वीस जागा ठेवल्या आहेत, असं समजा. प्रोग्राम युनिकोड मोजत असेल तर पुढे तेरा मोकळ्या जागा भरेल, आणि पडद्यावर पुढचा कॉलम तीन अक्षरांच्या मानाने फार जवळ येईल. प्रोग्राम बाइट मोजत असेल, तर नाव वीस बाइटमध्ये बसतच नाही, शेवटचा ‘ज’ मधोमध कापला जातो आणि तिथे प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. प्रत्येक नावातली जोडाक्षरं आणि काने-मात्रे वेगळे, म्हणून प्रत्येक ओळीचं सरकणंही वेगळं. मराठी डेटासाठी जागा मोजण्याची पद्धत मी कुणालाच सुचवणार नाही.

हल्लीचे रिपोर्ट डिझाइनरमध्ये बनतात, क्रिस्टल रिपोर्ट्स किंवा एसएसआरएससारख्या साधनांत. तिथे कॉलमच नसतात, चौकटी असतात. बनवणारा पानावर एक चौकट ओढतो आणि तिच्यात ‘रक्कम’ हा शब्द ठेवतो. तिच्या खाली दुसरी चौकट, तिच्यात प्रत्यक्ष रक्कम. तळाला तिसरी, तिच्यात बेरीज. छापल्यावर तिन्ही एकाखाली एक दिसतात आणि सगळे समाधानी होतात. पण ती मुक्तहस्त रांगोळी असते, आणि एक्सेल म्हणजे ठिपक्यांचा कागद. एक्स्पोर्ट करताना यंत्राला त्या रांगोळीखाली ठिपके शोधावे लागतात, आणि ते शोधण्याची त्याची रीत ठरलेली आहे: जिथे जिथे एखाद्या चौकटीची कड येते, तिथे तिथे नवा कॉलम.

‘रक्कम’ची चौकट आकड्याच्या चौकटीपेक्षा दोन मिलिमीटर डावीकडे सुरू झाली असेल, तर कागदावर ते कुणाला कळणारही नाही. एक्सेलमध्ये त्या दोन मिलिमीटरचा एक बारीक स्वतंत्र कॉलम तयार होतो, आणि शीर्षक त्या बारीक कॉलमसकट दोन घरं जोडून बसतं. संस्थेचा लोगो, पत्ता, ‘दिनांक’, ‘पान क्रमांक’, प्रत्येकाची कड वेगळी, प्रत्येकाने एक-दोन कॉलम वाढवायचे. आठ कॉलमांच्या यादीचं तेवीस कॉलमांचं एक्सेल येतं, मध्ये मध्ये रिकाम्या पट्ट्या आणि ठिकठिकाणी जोडलेली घरं. मग सॉर्ट करायला गेलं की जोडलेली घरं सारख्या मापाची हवीत अशी तक्रार येते, आणि पिव्होट टेबल नाव नसलेल्या कॉलमांपाशी अडतं. लोक तासन्‌तास बसून त्या पट्ट्या हाताने काढतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काढतात. हा वाया जाणारा वेळ मला फार खटकतो, कारण तो डिझाइनमध्ये एकदा अर्धा तास घालून कायमचा वाचतो.

त्या अर्ध्या तासात करायचं ते असं. शीर्षक, आकडा आणि बेरीज या तिन्ही चौकटींची डावी कड आणि रुंदी नेमकी एक करायची. नजरेने जुळवू नये, मापाच्या खान्यात तोच आकडा लिहावा. शेजारच्या दोन चौकटींमध्ये फट सोडू नये, एकीची उजवी कड तीच दुसरीची डावी. एसएसआरएसमध्ये मापं पॉइंटमध्ये दिली तर रूपांतरातली बारीक तफावत टळते. क्रिस्टलमध्ये ‘डेटा ओन्ली’ प्रकारचं एक्स्पोर्ट निवडलं, तर ‘मेंटेन कॉलम अलाइनमेंट’ या पर्यायावर खूण करावी. ती नसली तर बेरजेच्या ओळी डावीकडची रिकामी जागा विचारात न घेता पहिल्या कॉलमांत जाऊन बसतात, आणि एकूण रक्कम खाते क्रमांकाखाली दिसते.

माझं मत विचाराल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे रिपोर्टचं एक्सेल काढूच नये. लोगो, सहीची जागा आणि पानाची बेरीज हे वाचणाऱ्यासाठी असतं, त्याची पीडीएफ करावी. ज्याला पुढे हिशेब करायचा आहे, त्याला वेगळं बटण द्यावं: एक शीर्षकाची ओळ, खाली नुसत्या नोंदी, बाकी काही नाही. आणि शक्य असेल तर ते सीएसव्हीऐवजी थेट एक्सेलच्या स्वतःच्या स्वरूपात लिहावं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी पायथन या भाषेत ओपनपायएक्सएल आणि जावा या भाषेत अपाची पीओआय या मोफत लायब्ररी, म्हणजे तयार साधनं आहेत. त्या प्रत्येक किंमत थेट तिच्या घरात ठेवतात, प्रकारासकट. मधे खूणच नाही, त्यामुळे खुणेचा गैरसमजही नाही.

कॉलम जागेवर राहूनही आतला माल बदलतो, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, विशेषतः जमिनीच्या नोंदी हाताळणाऱ्यांसाठी. सीएसव्हीत 7/12 लिहिलेलं असेल, तर आपल्या तारखेच्या पद्धतीप्रमाणे एक्सेल त्याची 7 डिसेंबर करतं. सर्व्हे नंबर 12/3 ची 12 मार्च होते, 45/112 मात्र तसाच राहतो. मग एकाच कॉलममध्ये काही नंबर डावीकडे चिकटलेले, काही उजवीकडे. एक्सेल मजकूर डावीकडे आणि आकडे व तारखा उजवीकडे ठेवतं, म्हणून ही दुफळी म्हणजे इशारा समजावा. नंतर त्या घराचा प्रकार मजकूर केला तरी सर्व्हे नंबर परत येत नाही. 2025 साली उघडलेल्या फायलीत 7/12 च्या जागी 45998 दिसतं, कारण आत तारीख दिवसांच्या मोजणीत साठवलेली असते. अवतरणचिन्हांच्या कुंपणाचाही इथे उपयोग नाही. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा जपतं, आणि सुरुवातीची शून्यं गळून पडतात. मानवी जनुकांच्या नावांच्या अशाच तारखा होत राहिल्या, तेव्हा 2020 मध्ये नामकरण समितीने काही जनुकांची नावंच बदलली. सर्व्हे नंबर आपल्याला बदलता येणार नाहीत. तेव्हा ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घेताना तो कॉलम मजकूर आहे असं आधीच सांगावं.

फाइल हातात आल्यावर तपासायला दोन मिनिटं लागतात. कंट्रोल आणि एंड ही बटणं एकदम दाबा. कर्सर शेवटच्या भरलेल्या घरात जातो. तो शीर्षकाच्या शेवटच्या कॉलमच्या पलीकडे गेला, तर कुठेतरी ओळ सरकलेली आहे. ओळींची संख्या डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून पाहा. आणि महत्त्वाच्या रकमेची बेरीज डेटाबेसमध्येच काढून ती फायलीसोबत मागवा, म्हणजे जुळणी तुमच्या टेबलावरच होते.

आमच्या त्या यादीत दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्याजदराच्या कॉलमला फिल्टर लावला आणि 20 पेक्षा मोठे आकडे मागितले. चार ओळी आल्या: 1,25,000, 60,000, 2,00,000 आणि 25,000. बेरीज 4,10,000. मॅडमना लगेच फोन केला, आणि पावत्यांची चळत पुन्हा कपाटात ठेवून द्यायला सांगितलं.